चाचणीच्या कागदावरची सही

धामणकर नाका, भिवंडी
१२ ऑगस्ट २००७

चि. संघरत्ना हिस दादाचा सप्रेम जय भीम.

वि. वि. मी आणि आई खुशाल. फोनवर तू ऑफिसात कुजबुजतेस आणि इथे लेथ ओरडतो, म्हणून लिहितोय. लूमचे सुटे भाग बनवणारा तुझा भाऊ आता रॉकेटचे बोल्ट बनवतोय! हसू नको. अंजूरच्या मनोजशेठनी, ज्यांची गोदामं आहेत त्यांनी, कंपनी काढली आहे. सरकार आता अवकाशाची कामं खासगी लोकांना देतंय. त्यातलं एक त्यांना मिळालं आणि बोल्ट त्यांनी माझ्याकडे टाकले. माल तुमच्याच अवकाश केंद्रात येणार. तपासणीच्या टेबलावर बसून भावाच्या मालाला नाक मुरडू नकोस. आई निजामपुऱ्यात भाजी घेतानासुद्धा रॉकेटचं सांगते. भाजीवाली म्हणाली म्हणे, मग मेथी वरूनच आणा.

एक खटकतं. प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट मशीनवर खेचून तोडून बघायचे असतात ना? शेठच्या गोदामात टायर दिसले, शाम्पूचे खोके दिसले. तसलं मशीन कुठे दिसलं नाही.

तब्येतीला जप आणि दादावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा राकेश

बंगलोर
२ सप्टेंबर २००७

ती. दादास सविनय जय भीम.

वि. वि. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझे बोल्ट माझ्या टेबलावर आले. आटे इतके स्वच्छ की हात ओळखला. दहा बोल्ट मशीनवर लावले. चार ठरलेल्या ताणाच्या खूप आधीच तुटले. सोबतच्या कागदावर मात्र सगळे चाचणीत उत्तीर्ण, आणि चाचणी घेणारा म्हणून सही तुझी. दादा, मला शिसारी आली.

साहेबांना लगेच सांगितलं. सही माझ्या भावाची आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले की परदेशी ग्राहकाला उड्डाणाची तारीख दिली आहे, दिल्लीला खासगी उद्योगाची प्रगती दाखवायची आहे, आणि कागद पूर्ण असताना मी बोल्ट कशाला तोडत बसले? माल घेणारं सरकार, तपासणारं सरकार, उड्डाण विकणारंही सरकार. मग नाही म्हणायचं कुणी? दुसऱ्या दिवशी मला टेबलावरून उठवून ग्रंथालयात बसवलं. माल रॉकेटच्या जुळणीला निघालाय.

सही तू केलीस का, एवढंच सांग. रागावले आहे, तरी तुझीच आहे.
संघरत्ना

भिवंडी
९ सप्टेंबर २००७

चि. संघरत्ना हिस जय भीम.

वि. वि. सही माझीच. चाळीस कोऱ्या फॉर्मांवर केली. शेठ म्हणाला की माल पोचल्याची पावती आहे. मी आयटीआय केलेला माणूस, वाचता येत होतं. वाचलं आणि केली. चाचणीबद्दल तुला विचारलं ते मन खात होतं म्हणून. सहीचं मात्र लपवलं.

त्याहून घाणेरडी गोष्ट सांगतो. दिलेला रॉड हलक्या प्रतीचा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. टूल लावल्यावर चुरा कसा निघतो, त्यावरून धातू समजतो. शेठला विचारलं, तर तो म्हणाला, वर जाऊन कोण बघतंय! तो हसला आणि मीपण हसलो. त्या हसण्याची आता किळस येते.

तू गप्प बस, माझं नाव अडकेल, असं पत्र आधी लिहिलं होतं. ते फाडलं. काल वकिलाकडे प्रतिज्ञापत्र केलं: चाचणी झाली नाही, सही माझी, रॉड शेठचा. ते आणि उरलेले दोन रॉड पार्सलने पाठवतोय. तुझ्या साहेबाच्या वरच्याकडे दे. आईलाही सगळं सांगितलं. आज ती भाजीला निजामपुऱ्यात गेली नाही.

माया ठेवशील तेवढी ठेव.
राकेश

बंगलोर
३० नोव्हेंबर २००७

ती. दादास सविनय जय भीम.

वि. वि. तुझ्या रॉडनी काम केलं. संचालकांनी ते तपासायला लावले आणि सगळे बोल्ट जुळणीतून बाहेर निघाले. नवे आमच्याच वर्कशॉपमध्ये बनले.

आता अहवाल ऐक. दोषी एकटा लेथवाला. तुला सरकारी काम कायमचं बंद. शेठच्या कंपनीची म्हणे दिशाभूल झाली. साहेबांना बढती. राजीनामा द्यावा असं मनात आलं, पण मग मी माझं टेबल परत मागितलं. दिलं. आता प्रत्येक लॉट तोडून बघते आणि माझ्यासोबत चहाला कुणी येत नाही.

तू सही केलीस याचा राग गेलेला नाही. तू खरं लिहून दिलंस याचा अभिमानही जात नाही. दोन्ही घेऊन नमस्कार.
संघरत्ना

भिवंडी
३० एप्रिल २००८

चि. संघूला आईचा आशीर्वाद.

साक्षरतेच्या वर्गातलं अक्षर हाय, लावून वाच. तुमचं रॉकेट टीव्हीवर बघितलं. शेजारची बायजाबाई आली होती. राकेश दारात उभा, आत येईना. रॉकेट वर गेलं, ठिपका झालं, तवर त्यानं डोळा हलवला न्हाय. मंग कुठल्याशा स्टेजवर मनोजशेठ दिसला, मंत्र्याच्या बाजूला, गळ्यात हार. खासगी उद्योगाचा सत्कार म्हणे. राकेश म्हणाला की टीव्ही बंद कर, बघायचं ते बघून झालं.

बायजाबाईला काय ठाऊक न्हाय. तिनं कौतुकानं विचारलं की त्या रॉकेटात राकेशनं केलेलं कुठलं हाय. तो म्हणाला, माझं त्यात काय न्हाय, म्हणून तं ते वर गेलं.

ती हसली. मला हसू आलं न्हाय.

वेळेवर जेव. आईला इसरू नको.
द्रौपदी