अस्सल काळा पडदा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरा प्रकार खाली येईलच. तुझ्या गुडघ्याचं दुखणं आणि भाऊजींचं बोलणं दोन्ही आटोक्यात असेल अशी आशा आहे. (दुसऱ्याबद्दल फारशी नाही.)

तर, गेल्या महिन्यात आपला जुना टीव्ही वारला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठवडा झालेला. उजेड सोसत नाही म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसत आणि दिवसभर टीव्ही बघत. तो गेला तसे ते भिंतीकडे बघू लागले. विचारलं तर म्हणाले, "भिंत बरी आहे." अण्णा इतकं कमी बोलले म्हणजे घरात आजारपणच. त्यात समोरच्या घड्याळजींशी त्यांचा वर्षभर अबोला. (अण्णांचं मनगटी घड्याळ त्यांनी उघडून बघितलं आणि "आता हे शोकेसमध्ये ठेवा" म्हणाले, एवढंच निमित्त. चाळीस वर्षांची दोस्ती त्यावर मोडली.) तेव्हा नवा टीव्ही ताबडतोब आणायचा असं ठरलं.

ठरलं, आणि घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव ओएलईडीचे. त्यात म्हणे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग अस्सल काळा. आमची ही क्यूएलईडीची. त्यात मागून दिवे असतात, रंग झळझळीत आणि भर दुपारीही चित्र स्वच्छ. (हे ज्ञान तिच्या बँकेतल्या कॅशियरचं.) मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते मी सांगेन, टीव्हीच्या पोटातलं नाही. जेवताना दोघांनी माझं मत विचारलं, मी म्हटलं दोघांचंही बरोबर आहे. त्या दिवसापासून मला दोघांनीही वाढणं सोडलं, माझं मीच घेतो. शेवटी भाऊजींना फोन लावला. पाऊण तास बोलून त्यांनी निकाल दिला की साधा एलईडी घ्यावा, पण खरा टीव्ही म्हणजे प्लाझ्मा, आणि तो आता कुणी बनवत नाही.

मग सहकुटुंब दुकानात गेलो. विक्रेत्याने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन पडद्यावर चांदण्यांचं आकाश लावलं आणि म्हणाला, "बघा काका, असा काळा तुम्हाला कुठे मिळणार नाही." अण्णा शांतपणे म्हणाले, "मला डोळे मिटले की मिळतो. त्याला वॉरंटीसुद्धा लागत नाही." त्या बिचाऱ्याने चांदण्या विझवल्या. नंतर शेजारच्या क्यूएलईडीवर एक पोपट लागला. तो इतका हिरवा होता की अण्णांनी खिशातला काळा चष्मा काढून चढवला. इथेच निकाल लागला. हिने पराभव मान्य केला तो असा: "घ्या. माझं काय, मी सदा स्वयंपाकघरात." (बँकेत असते.)

टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर लागला, चालू केला, आणि बातम्यांच्या मधोमध आम्ही सगळे दिसू लागलो. आमच्यामागे खिडकी, खिडकीत रस्ता. चिरंजीव खिडकीचा पडदा ओढायला उठले तर अण्णा म्हणाले, "राहू दे. टीव्ही बंद कर." बंद केला. त्या अस्सल काळ्यावर रस्ता असा उमटला की काय सांगू. सावलीतला, डोळ्यांना न टोचणारा. आणि मधोमध घड्याळजींचं दुकान.

अक्का, माणसाकडे पाठ करून त्याच्याकडे बघत बसायची सोय या वयात कुणाला मिळते? अण्णा तासन्‌तास बघायचे. तिसऱ्या दिवशी चारच्या चहाला मी शेजारीच होतो. काचेत घड्याळजी दुकानाच्या दारात कप घेऊन उभे राहिलेले दिसले, आणि बघत होते आमच्या खिडकीकडे, अण्णांच्या टकलाकडे. अण्णा हळूच म्हणाले, "हा रोज चारला उभा राहतो." मग मान न वळवता त्यांनी आपला कप टीव्हीपुढे उंच धरला. घड्याळजी आधी आपल्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनीही तो उचलला.

दुसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले. घड्याळाचा विषय दोघांनीही काढला नाही. आता रोज येतात, दोघं बंद टीव्हीसमोर बसतात, गिऱ्हाईक आलेलं काचेत दिसलं की घड्याळजी उठून पळतात. ही बँकेतून आल्या आल्या विचारते, "काय झालं आज?" आणि अण्णा तिला समोरच्या शिंप्याकडे कुणाची बाही आखूड झाली तिथपासून सांगतात. चिरंजीवही येऊन बसतात आणि काळा किती खोल आहे ते आम्हाला ऐकवतात. चालू करायचं नाव काढलं की चौघंही माझ्याकडे असे बघतात, जणू मी कुणाच्या बोलण्यात तोंड घातलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना साधा एलईडी घेतला असंच सांग.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. तुमच्या माळ्यावरचा तो जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही अजून चालतो ना? बसने पाठवून दे. आतल्या खोलीत लावतो, म्हणजे निदान आम्हा तिघांना टीव्ही बघता येईल.

ता. क. ३. (हे अक्षर माझं, अण्णांचं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं.) तो डबा पाठवू नकोस. तो आला की हे तिघं आतल्या खोलीत जाऊन बसतील.