घोडेवाल्याचं तोंड

तब्रीज,
सफर महिन्यातला शेवटचा गुरुवार

प्रिय खुर्शीदताईस यादगारचा सलाम.

खुदाच्या मेहेरबानीने मी धडधाकट आहे. तूही असशील, मुलंही असतील. दाजींच्या भट्टीतल्या निळ्या फरश्या यंदा तडकल्या नाहीत ना? दाजी, ताईला हे तुम्हीच वाचून दाखवत असाल, तेव्हा माझ्या अक्षराला एकदाच काय ते हसून घ्या आणि पुढे वाचा. मदरशात मी किती टिकलो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

इकडे थंडी फार. तू धाडलेले सुके जर्दाळू पोचले. निम्मे उस्तादांनीच खाल्ले.

शहांच्या चित्रशाळेत मी काय करतो, असं विचारलं होतंस. गवत काढायचो. आधी कागद घोटत होतो, मग गवत. शहांच्या पोथीच्या एका पानावर डोंगर एकाचे, घोडे दुसऱ्याचे, सोनं तिसऱ्याचं. तोंडं सगळ्यांत शेवटी, आणि ती फक्त उस्ताद फर्रुखजादांची. सोनं लावणारा बहलूल रोज छळायचा, "काय यादगार, वाढलं का गवत? शेळ्या सोडू?"

मग एकदा उस्ताद म्हणाले, "कोपऱ्यातल्या या घोडेवाल्याचं तोंड तू काढ. बिघडवलंस, तर तुझं तोंड मी बिघडवीन." ताई, आनंदाने घास उतरेना.

आणि मी काय केलं? मला माझा कुंचला जाड वाटला. बारीक कामाला मांजराच्या पिल्लाच्या गळ्याचे केस लागतात. म्हणून पिल्लू शोधत दिवसभर बाजारात भटकलो. एका खाटकाची बायको झाडू घेऊन मागे लागली, "मेल्या, माझ्या पिल्लाची हजामत करतोस?" शेवटी केस मिळाले, कुंचला बांधला, धावत आलो, तर चित्रशाळेला कुलूप.

शहांनी सगळ्या पापांची तौबा केली होती. आधी दारू सोडली, मग गवई हाकलले, आता चित्रं. तरुणपणी स्वतः कुंचला धरलेला माणूस! आमच्या पानांवर वाकून "हे निळं अजून खोल हवं" म्हणायचा. आता त्याला चित्र समोर नको. त्याचं मन फिरलं, आणि आम्ही एवढे सगळे रस्त्यावर. पोथी कापडात गुंडाळून खजिन्यात गेली. माझा घोडेवाला आत तसाच उभा आहे, हातात लगाम, तोंडाच्या जागी कोरा कागद.

मी उस्तादांपुढे ओरडलो, "शहा एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "एक दिवस तूच थांबलास, गाढवा."

तेव्हापासून कशात लक्ष नाही. बहलूलशी भांडलो, भिंतीला लाथ मारली, पाय सुजला.

भट्टीवर माझी जागा राखून ठेवलीय, नौरोजला ये, असं तू पुन्हा पुन्हा कळवतेस. दर वेळी मी तुला हवापाण्याचं लिहितो. आता खरं लिहितो. दाजी, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. उस्ताद हिंदुस्तानला निघालेत, तिकडचा बादशहा चित्रकार मागवतोय. मी त्यांच्याबरोबर जातोय. तिकडून कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही.

फरश्या मी रंगवल्या असत्या गं. पण फरशीवर नुसती फुलं आणि वेली. मला एक माणूस काढायचाय, डोळ्यांसकट.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू रडली असतीस, मी राहिलो असतो, आणि जन्मभर तुझ्यावर चिडत बसलो असतो.

हे पत्र जासुदाच्या घोड्यावरून पुढे जातंय, आमचे उंट मागून येतील. काफिला आपल्या काशानच्या वेशीबाहेरच्या सराईत उतरेल. मी घरी येणार नाही. उंबरा ओलांडला तर पाय निघायचा नाही. तूच सराईत ये. मुलांना आण. दाजी, तुम्हीही या, रागवायला का होईना.

फक्त 'थांब' म्हणू नकोस, ताई. बाकी काय वाटेल ते बोल.

तुला न विचारता निघालेला,
यादगार