शेवटच्या घराचा दिवा

८ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची! माझ्या मैत्रिणीचं, यागोदाचं घर तिनं सोडलं तसंच आहे. भिंतीवर मेरीमातेची तसबीर, कपाटात ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या आणि दाराशी टेकवलेलं तिचं सपाट पात्याचं फावडं. गेल्या फेब्रुवारीत ती झोपेतच गेली, असं मला कळवण्यात आलं होतं. घर तिनं माझ्या नावावर करून ठेवलं होतं. ननांच्या शाळेत आम्ही दोघी एका घोंगडीत झोपायचो. थंडीनं माझे पाय गारठले की ती ते आपल्या पोटाशी घ्यायची. तिच्या पलंगावर अंग टाकलं आणि खूप वर्षांनी गाढ झोपले.

घर रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. अंगण संपलं की सरोवराचा कडा, खाली नुसतं पाणी. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रस्ता-गॅरेजात वायरलेसवर बसायची नोकरीही मिळाली. मुकादमाचं नाव हाकाला, मोजकं बोलणारा. ट्रक चालवणारा रेनो मात्र वाचाळ. यंदा वायरलेसवर आवाज गोड आलाय बाई, आता रस्ता चुकला तरी चालेल, असं म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं.

१९ नोव्हेंबर
इथली रीत आता कळली. बर्फ पडला की आधी मोठा रस्ता साफ करायचा, मग दवाखान्याचा, मग शाळेच्या बसचा आणि सगळ्यांत शेवटी आमच्यासारखे टोकाचे. टोकाच्या घरानं ओसरीवरचा दिवा हिवाळाभर जळता ठेवायचा. दिवा दिसला की घरात माणूस आहे. ड्रायव्हर अंगणापर्यंत बर्फ लोटत येतो आणि तिथं ट्रक वळवतो. वादळात तर कडा कुठं सुरू होतो हे त्या दिव्यावरूनच समजतं. दिवा नसला की घर वसंतापर्यंत बंद. मग बर्फ बेलाशक त्या घराच्याच अंगावर ढकलायचा, रिकाम्या घराला त्याचं काय!

रेनोला मी मांस-बटाट्याच्या करंज्या दिल्या. तो म्हणाला, अशा करंज्या असतील तर तुमचा रस्ता मी पहिला काढतो, हाकालाला सांगू नका म्हणजे झालं. हाकाला मागेच उभा होता. तो हसला नाही.

२ डिसेंबर
पहिला मोठा बर्फ. उठले तर आमचा रस्ता लख्ख! खालची खडी दिसेपर्यंत खरवडलेला. गॅरेजात पोचल्यावर वायरलेसवर रेनोचे आभार मानले, तर तो म्हणाला की तो अजून इकडे फिरकलाच नाही. घरी परतल्यावर मी नीट पाहिलं. कडेचा बर्फ ट्रकनं लोटलेला नव्हता. वड्या पाडाव्यात तसा चौकोनी कापून, एकावर एक रचून ठेवला होता. यागोदा अक्रोडाचा गोड पाव, तिची पोतित्सा, असाच कापायची, सारख्या मापाचे तुकडे.

दाराशी फावडं ओलं होतं.

मला भीती नाही वाटली. उलट डोळे भरून आले.

११ डिसेंबर
हाकाला गेला. त्याच्या दाराखिडक्यांबाहेर बर्फाच्या वड्यांची भिंत रचलेली होती, छपरापर्यंत. ती फोडता फोडता गॅरेजातल्या सगळ्यांना दुपार झाली. तो आत खुर्चीवर बसलेला होता, तोंडात बर्फ गच्च दाबलेला. रेनो बाहेर जाऊन ओकला.

१४ डिसेंबर
रेनो आज घरी आला. चुलीपाशी बसला, कॉफीला हातही लावला नाही. म्हणाला, यागोदानं गावच्या सभेत हाकालाचं नाव घेतलं होतं बाई. काउंटीचा ट्रक आधी त्याच्या भावाच्या आरागिरणीचं आवार साफ करतो आणि म्हातारी माणसं अडकून पडतात, असं चारचौघांत सुनावलं होतं. त्याचा राग धरून, गेल्या फेब्रुवारीत वादळ आलं तेव्हा हाकालानं बजावलं की गिरणीपाशीच वळायचं, पुढं जायचं नाही. आणि मी वळलो.

मी विचारलं, दिवा?

तो म्हणाला, विझला असेल, दिसला नाही.

यागोदा झोपेत गेली नव्हती. लाकडं संपली, तशी ती फावड्यानं वाट कापत निघाली होती. गिरणीच्या वळणाजवळ सापडली.

जाताना रेनोनं शपथ घेतली, आता काहीही होवो, तुमच्या दारापर्यंत ट्रक आणीनच. मी त्याला करंज्या बांधून दिल्या.

१७ डिसेंबर
सिस्टर शिकवायच्या, क्षमा करा. दिवसभर जपमाळ ओढली. मणी सरतात, राग सरत नाही. माझे पाय पोटाशी घेणारी माझी यागोदा, आणि तिला बर्फात—

फावडं दाराशी नाही.

२२ डिसेंबर
वादळ. गॅरेज बंद. वायरलेस घरी आणलाय. भर दुपारी समोरचं कुंपण दिसत नाही. रेनो निघालाय. शब्द दिला होता ना, म्हणतो.

नंतर
तो गिरणी ओलांडून आलाय. म्हणतो, पुढं कोणीतरी वाट कापतंय. म्हणतो, दिवा दिसतोय तुमचा, देव भलं करो.

मी दिवा मालवला.

नंतर
तो ओरडतोय. बाई, दिवा लावा, कडा कुठाय कळत नाही. मी विचारलं, तिचा दिवा दिसला होता का? तो रडला. दिसला होता हो, लखलखीत दिसला होता, आता तरी लावा! बाई, ती समोर उभी आहे, काचेवर फावडं—

मी दिव्याच्या बटणावरचा हात काढून घेतला.

मोठा आवाज. मग खालून, पाण्यातून. मग काहीच नाही.

झालं, यागोदा. झालं गं.

नंतर
फावड्याचा आवाज थांबला नाही. अंगणात आलाय. सर्र— थप. सर्र— थप.

वड्या रचतेय. दाराला. पहिली खिडकी गेली—

का? मी आहे ना आत—

दिवा. ओसरीवर दिवा नाही. तिला वाटतंय घर रिकामं—

बटण दाबलं. लागला. पण ओसरी भरलीय, उजेड बर्फातच— बाहेर दिसत नाही—

यागोदा, मी दॅल्फीन. घर बंद नाही गं. दिवा लावलाय, बघ ना, दिवा—

शेवटची खिडकी. सर्र—

पाय गारठलेत, यागोदा, माझे पाय