छातीचं दुखणं

ता. १९, मंगळवार

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तीन पत्रं लिहून फाडली. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण ती शिलाई मशीनची कृपा. जावईबापूंचा खोकला थांबला का?

तुझ्या मावशीच्या स्तनात गाठ निघाली आहे, तपासणीत ती वाईट ठरली. तिच्याबरोबर मी इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला?" मी म्हणालो, "हिच्या बहिणीला छातीचं दुखणं होतं." बाईंनी कागदावर हृदयविकार लिहिला. मला ते दिसलं, तरी गप्प राहिलो.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "भावोजी, छातीत पुष्कळ काही असतं. ताईचं नक्की काय दुखत होतं?"

मी खाली मान घालून चपला शोधत बसलो.

"चपला पायातच आहेत. जन्मभर बायकांची मापं घेतलीत, आणि एवढा शब्द तोंडातून निघेना?"

हाताला धरून तिनं मला परत आत नेलं. तिथं मी खरं सांगितलं. आता तुला सांगतो. तुझ्या आईला स्तनाचा कर्करोग होता. लोकांत बोलायची लाज वाटली म्हणून मी सगळ्यांना छातीचं दुखणं सांगितलं. तू नऊ वर्षांची होतीस, तुलाही तेच. आई हृदयानं गेली समजून तू दरवर्षी हृदय तपासून घेतेस, ती माझी करणी.

बाईंनी आधीचं खोडलं आणि तुझं वय विचारलं. म्हणाल्या, आई आणि मावशी दोघींना झालाय, तर मुलीचं रक्त तपासा. आईकडून रक्तात दोष उतरला असेल तर गाठ व्हायच्या आधीच उपाय करता येतात. झालीच, तरी पसरायच्या आत सापडते.

आणखी एक आहे, ते मावशीलाही बोललो नाही. तुझी आई म्हणाली होती, "कपडा काखेत रुततोय, तिथं काहीतरी टणक लागतं." मी हात लावून पाहिलं. लागलं. शिवण उसवून अर्धा इंच सैल करून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा सैल केली. डॉक्टरकडे नेलं तोवर ते हाडात उतरलं होतं. मला कळलं नाही असं म्हणायला तोंड नाही. कळलं होतं, ठके.

ती एकेचाळिसाव्या वर्षी गेली. तुला एकोणचाळीस चालू आहे. याच आठवड्यात जा, डॉक्टरांना सगळं स्पष्ट सांग. रक्त दिलंस एवढं तरी कळव. शिव्या घालून लिहिलंस तरी चालेल, पण लवकर लिही.

तुझा अपराधी,
बाबा