शेवटच्या बाकावरचे पाळकसाहेब

पाळकसाहेब,

तुमच्या मुलीला माझ्यापासून तोडायला तुम्ही परदेशातल्या चर्चची नेमणूक मागून घेतलीत. जाताना म्हणालात, "कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याला मी मांजरसुद्धा देणार नाही." तेव्हापासून मी तुमच्यावर दात धरून होतो.

तिकडे तुम्ही भर उपासनेत पेटीवाल्याच्या थोबाडीत मारलीत. तुमची दीक्षा इथली, म्हणून चौकशीही इथेच बसली. समितीनं जमलेल्या मंडळींना विचारलं, "त्यांनी पूर्वी कुणावर हात उचलला होता का?" मी उठून गाल पुढे केला. "माझ्यावर, साहेब. त्यांच्या मुलीचा हात धरला म्हणून." खोटं एक अक्षर बोललो नाही.

तुम्हाला शिक्षा झाली. परत यायचं, वर्षभर झगा घालायचा नाही, प्रवचन करायचं नाही आणि शेवटच्या बाकावर बसायचं. मला वाटलं, तुमच्याबरोबर तीही येईल. तुम्ही एकटेच उतरलात! ती तिथेच नोकरीला लागली म्हणे. पत्ता कुणी सांगेना.

रविवारी मी मुद्दाम तुम्हाला खेटून बसलो आणि बेसूर, टिपेच्या आवाजात गायलो. तुम्ही कुजबुजलात, "अरे, जरा हळू." मी म्हटलं, "ती कुठे राहते?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

हे पत्र मी टाकणार नाही, सगळं कानातच सांगेन. वर्षभर तुम्हाला बाक बदलायची परवानगी नाही, समितीला विचारून आलोय. पत्ता मिळेपर्यंत शेजारची जागा माझी.

तुमचा,
नको असलेला जावई