हर्षलाची रिकामी ओळ

डहाणू, बुधवार, संध्याकाळ

आज उन्हाळी वर्गात तर्कशास्त्राचं उदाहरण दिलं: बंदर झालं तर गाव सुखी होईल. बंदर झालं. म्हणून? सगळ्यांनी उत्तर लिहिलं. बंदराला विरोध करणाऱ्या वाढवण गावच्या हर्षलाने ती ओळ रिकामी सोडली. मी शून्य दिलं.

वर्ग सुटल्यावर ती आली. "सर, नियम समजला. पण आमच्या गावात आता कागदावर वर लिहिलेलं पटल्याशिवाय कुणी खाली सही करत नाही."

"अगं, हे नुसतं उदाहरण आहे."

"तुमच्यासाठी, सर."

तेव्हापासून ती रिकामी ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही. आधी विधानं तपासा, हे मीच शिकवतो ना? मग उदाहरण निवडताना अक्कल चरायला गेली होती का?

शून्य खोडलं. किती गुण द्यावेत, सुचेना. तीही जागा रिकामीच ठेवलीय.