तांबडी खूण

१२ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला तुझा नुसता गुणगुणाट ऐकू येतो, म्हणून हे पत्र. माझ्या कानांनी आता कायमचा संप पुकारलाय.

तुझं यंत्र दुकानात बसलं. औषधाचा खोका समोर धरला की तो कुठल्या कारखान्यातून निघाला, कुणाच्या गोदामात थांबला, सगळं दिसतं. गिऱ्हाईक मोबाइल धरतं, हिरवी खूण उमटते आणि ते निर्धास्त घरी जातं. काही चुकलं तर यंत्र शिट्टी देतं. ती मला ऐकू येत नाही, म्हणून तुझी आई शेजारी स्टूल टाकून बसते आणि शिट्टी झाली की माझ्या पाठीत धपाटा घालते.

गावात पहिलं यंत्र आपल्याकडे, त्यामुळे मी भाव खाऊन घेतोय. आई म्हणते, तुम्ही गोळ्या कमी आणि मुलीचं कौतुक जास्त विकताय. वेळेवर जेवत जा.

माया आहेच, तूही थोडी पाठवत जा.
बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. धपाट्याची सोय पुढच्या यंत्रात घालावी असं ठरलंय!

आनंदाची बातमी म्हणजे मोठमोठ्या औषध कंपन्या आमच्याकडे आल्या. ज्यांनी वर्षभर दारात उभं केलं नाही, ते आता चहाला बोलावतात. सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, की नोंद खरंच कुणालाही खोडता येत नाही ना? मी सांगते, ब्लॉकचेन म्हणजे तेच. एकच नोंद शेकडो ठिकाणी असते. मनात आणलं तरी मी एकटी ती बदलू शकत नाही.

आत्याला दिलेलं इंजेक्शन बनावट निघालं आणि ती गेली, तेव्हा गोदामवाल्यांनी कागद बदलले आणि सगळे नामानिराळे राहिले. ते मला अजून गिळता येत नाही. आता कुणाला तसं करता येणार नाही.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहे म्हणून चाललंय.
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

एक घोळ झालाय. तुझी आई मावशीकडे गेली होती. मुदत संपलेले खोके परत पाठवायचे म्हणून मी यंत्रापुढे धरले. ‘परत’ऐवजी ‘विक्री’ दाबलं गेलं. यंत्रानं शिट्ट्या मारल्या असणार, मला कुठलं कळायला. खोके परत गेले आणि नियमाप्रमाणे जाळले गेले, त्यामुळे ते विकले नाहीत हे दाखवायला हातात काही उरलं नाही.

आता दुकानातल्या कुठल्याही औषधावर तांबडी खूण येते आणि खाली लिहून येतं, की हे दुकान मुदत संपलेली औषधं विकतं. समोरच्या बाई लग्न होऊन आल्यापासून आपल्याकडे यायच्या. काल त्यांनी औषध परत काउंटरवर ठेवलं आणि रिकाम्या हातानं गेल्या.

तेवढं पुसून टाक ना बेटा. तुझंच यंत्र आहे.

वाट बघतोय.
बाबा

२१ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न.

हे पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं, असं पुष्कळदा झालं.

नोंद पुसता येत नाही. खाली दुरुस्ती लिहिता येते, ती मी लिहिली. पण लोक खूण बघतात, खालचं कुणी उघडत नाही. सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं तरच खूण बदलते, म्हणून बैठकीत विषय मांडला. एका कंपनीच्या बाईंनी विचारलं, की हे दुकानदार तुमचे कोण. मी सांगितलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की पुरावा नसताना दुसऱ्या कुणासाठी तुम्ही हा विषय आणला असता का.

मला हो म्हणता आलं नाही. बाबा, मी विषय मागे घेतला.

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. त्याच दिवशी आणखी दोन कंपन्यांनी करार केला. मी जिन्यात जाऊन बसले.

तुम्ही रागवा, पण पत्र लिहा.
ठमी

३० जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

दुकान बंद केलं. कपाटं एका शिंप्यानं नेली. आई तिचं स्टूल द्यायला तयार नव्हती, ते स्वयंपाकघरात ठेवलंय. तिथं बसून ती तासन्‌तास खिडकीबाहेर बघते.

तू बरोबर केलंस असं सगळे म्हणतात. माझ्या बहिणीसाठी मीही हेच मागितलं असतं, की नोंद कुणाला पुसता येऊ नये. पण मी तिच्या मारेकऱ्यांच्या रांगेत उभा आहे, हे काही केल्या सोसत नाही. तुला दोष देत नाही. देता आला असता तर बरं झालं असतं.

काल आईची रक्तदाबाची गोळी आणायला चौकातल्या नव्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण आहे. त्यानं मोबाइल धरला, हिरवी खूण दाखवली आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं समजावलं, की आजोबा, आता फसवणूक होत नाही, कुणा हुशार मुलीनं हे केलंय. माझीच मुलगी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग त्यानं माझं नाव विचारलं असतं.

गोळी घेऊन घरी आलो.

बाबा